पुळणीवर जायचं कारण

हॉलिस डेनेटची बायको लिओना मार्चात गेली, तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती. आमच्याकडे हिवाळ्यात गेलेलं माणूस लगेच पुरता येत नाही. पेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात माती सैल झाली की खड्डा खणतात. त्यामुळे हॉलिसला बायको दोनदा पोचवावी लागली. दुसऱ्यांदा पोचवून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून तो वॉसच्या पुळणीकडे निघाला. दाताळं न घेता निघाला. मी समोरच राहतो, खिडकीतून बघत होतो. साठ वर्षं शिंपल्या खणलेला माणूस ओहोटीला मोकळ्या हातांनी निघालेला मी कधी पाहिला नव्हता.

वॉसची पुळण म्हणजे फार मोठं काही नाही. दोन बाजूंना काळ्या खडकाचे हात, त्यांच्या कुशीत दोन होड्या मावतील एवढी वाळू, आणि ओहोटी लागली की वाळूच्या खाली उघडा पडणारा चिखल. त्या चिखलातल्या शिंपल्या आमच्या टेनी हार्बरातल्या सगळ्यांत गोड. लिओना माहेरची वॉसांची. तिचा जन्म पुळणीच्या वरच्या घरातला. नकाशावर अजून वॉसचंच नाव आहे, पण घर आणि जमीन तिच्या भावाने आठ वर्षांपूर्वी लिंडक्विस्ट नावाच्या, दक्षिणेकडून आलेल्या दातांच्या डॉक्टरला विकली. त्याने जुनं घर पाडून काचेचं बांधलं. झाडीतून खाली जाणारी पायवाट काही वर्षं त्याने आम्हाला वापरू दिली. मग गेल्या शरदात कुणीतरी पुळणीवर रात्रभर शेकोटी करून बाटल्या फोडून गेलं आणि वाटेवर साखळी आली, मनाईचा फलक आला. मला त्या साखळीचा राग येतो, पण बाटल्या मीही पाहिल्या आहेत, त्यामुळे फार बोलता येत नाही.

तेव्हापासून जायचं तर गावच्या धक्क्यावरून, ओहोटीला, खडकाला वळसा घालून. अर्धा तास शेवाळावरून चालायचं. पाणी पूर्ण ओसरण्याआधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढीच वाट उघडी असते. एक पाय घसरला तर गुडघा जातो. बाकीच्या खणणाऱ्यांनी नाद सोडला. हॉलिस बहात्तर वर्षांचा, पाठ कमानीसारखी वाकलेली, आणि तोच एक जायचा.

पुळणीच्या मधोमध एक दगड आहे. भरतीला बुडतो, ओहोटीला वर येतो. त्याला पाठ टेकायला जागा आहे आणि बसायला दोघांपुरती खोबण आहे. सेहेचाळीस वर्षं हॉलिस आणि लिओना त्याच दगडावर बसून दुपारचं खायचे. तो डावीकडे, ती उजवीकडे, कारण तिचा डावा कान चांगला होता. हॉलिस घरात फारसा बोलायचा नाही, त्या दगडावर मात्र बोलायचा.

त्या दिवशी तो डावीकडे बसला आणि उजवी बाजू मोकळी ठेवली. पाऊण तासाने लिंडक्विस्ट खाली आला. पांढरे केस नीट विंचरलेले, हातात घडी केलेला कागद.

"मिस्टर डेनेट ना? तुमच्या पत्नीबद्दल कळलं. फार वाईट वाटलं."

"हं," हॉलिस म्हणाला.

"बोलायला बरं वाटत नाही, पण बोलावं लागतंय. तुम्ही खणायला आलात का?"

"नाही. बसलोय."

"तीच अडचण आहे. खणायला आलात तर माझं काही म्हणणं नाही. मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि होडी, ह्या तीन कामांना किनारा सगळ्यांना मोकळा आहे. जुना कायदा आहे, साडेतीनशे वर्षांहून जुना. पण नुसतं फिरायला, बसायला नाही. ओहोटीच्या पाण्यापर्यंतची जमीन माझ्या कागदात आहे. हे बघा, इथं लिहिलंय."

हॉलिसने कागद घेतला नाही. "ह्या दगडाला धरून माझी बायको उभी राहायला शिकली," तो म्हणाला.

"समजतं मला. खरंच समजतं. पण आज तुम्हाला बसू दिलं की उद्या दुसरा येतो, मग बाटल्या येतात. नियम सगळ्यांना एकच ठेवला की कुणाचं वाईट दिसत नाही."

तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर हॉलिसने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. तो सभ्यपणे कागद हातात धरून उभा राहिला, आणि सभ्य माणूस उभा असला की बसलेल्याला उठावंच लागतं. हॉलिस उठला.

दुसऱ्या दिवशी हॉलिस पुन्हा गेला, पण ह्या वेळी दाताळं आणि पाटी घेऊन. दाताळं लिओनाचं होतं, आखूड दांड्याचं, चार दातांचं. लिंडक्विस्टने वरच्या ओसरीवरून हात केला. हॉलिसनेही केला. कायद्याप्रमाणे सगळं ठीक झालं होतं.

पण खणायचं म्हणजे खणावं लागतं. कमरेत दुमडून, डोकं गुडघ्याच्या खाली, दाताळं दोन्ही हातांनी चिखलात रोवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. चिखलाचा थर उलटा पडला की त्यात बोटं घालून चाचपायचं. तरुणपणी हॉलिस असा दोन-दोन तास वर न बघता खणायचा. आता दहाव्या ओढीला पाठीतून कळ यायची आणि सरळ उभं राहताना दाताळं काठीसारखं टेकावं लागायचं. बोटं सुजलेली, नखांच्या कडा फाटलेल्या. तो चार-पाच खड्डे करायचा, शिंपल्या पाटीत टाकायचा आणि मग दगडावर जाऊन बसायचा. पंधरा मिनिटं झाली की ओसरीवर काच चमकायची. लिंडक्विस्ट दुर्बिणीतून पक्षी बघत असेल किंवा हॉलिसला. हॉलिस मात्र चोरी पकडल्यासारखा उठायचा आणि पुन्हा वाकायचा. निघताना निम्म्या शिंपल्या परत खड्ड्यात ठेवायचा, कारण त्या घरी नेऊन करायचं काय? खाणारा एकटाच.

हे सगळं त्याने मला सांगितलं ते जूनमध्ये, माझ्या शेडमध्ये उलट्या खोक्यावर बसून. माझी बायको दर शनिवारी त्याच्याकडे भांड्यात शिजवलेले घेवडे पाठवायची. भांडं परत द्यायला आला होता.

"अरे, पाठ मोडून घेशील एक दिवस," मी म्हटलं. "बसायचंच आहे तर घरी बस. माझ्या ओसरीवर बस. दिवसभर बस, कोण उठवतंय?"

"घरात ती नाहीच रे," हॉलिस म्हणाला. "घरात फ्रीज गुरगुरतो. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि येतो. तिचे कपडे आहेत, कप आहे, सगळं आहे, पण ती नाही. तिथं दगडावर बसलो की वाटतं, आता काहीतरी टोमणा मारेल."

मी ते थट्टेवर नेलं. "मग गळाची काठी घेऊन जा. मासेमारीच झाली ती. आरामात बसून करता येते. वाकायला नको."

तो हसला. मार्चानंतर पहिल्यांदा हसला असेल. "सलाईनवाला होऊ मी?"

हा लिओनाचा शब्द. उन्हाळ्यात बाहेरचे पाहुणे येतात, खडकावर खुर्च्या मांडतात आणि पाण्यात दोरी सोडून तासन्तास बघत बसतात. ती म्हणायची, "बघा, समुद्राला सलाईन लावून बसलेत. आता नाडी कधी लागते त्याची वाट बघतायत." गावात खणणाऱ्याने हातात गळाची काठी धरणं म्हणजे शेतकऱ्याने कुंडीत गहू लावणं. मीही मग तो विषय सोडला.

आता फोनचं सांगायला हवं, कारण सगळं अडलं ते तिथं.

जोराचा पाऊस झाला की वरच्या गावांची, कुरणांची घाण वाहून चिखलात येते आणि शिंपल्या ती शोषून घेतात. मग सरकार चिखल बंद करतं. आठ दिवस, कधी दोन आठवडे. कुठला किनारा बंद, कुठला खुला, हे फोनवर एक आवाज वाचून दाखवतो. खणणाऱ्याच्या घरात पहाटे पाचला पहिलं काम तेच. हॉलिसच्या घरी ते लिओना करायची. चांगला कान रिसीव्हरला लावून, आलेल्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन ओरडायची, "खुलं!" किंवा "बंद! झोप परत!" सेहेचाळीस वर्षांत हॉलिसने तो नंबर एकदाही फिरवला नव्हता. ती गेल्यावर तो धक्क्यावरच्या गाड्या बघायचा. गाड्या उभ्या असल्या की खुलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पाऊस कोसळला. सगळा किनारा बंद झाला. चौथ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं, आणि उधाणाचे दिवस असल्याने ओहोटी खूप लांब गेली होती. मी त्या दिवशी मुलीकडे बँगोरला गेलो होतो. नसतो गेलो तर खिडकीतून हाक मारली असती. धक्क्यावर त्या दिवशी गाड्या होत्या, पण त्या पर्यटकांना देवमासे दाखवणाऱ्या बोटवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या. हॉलिसने गाड्या पाहिल्या आणि पुढे गेला. त्याला खणायचं नव्हतंच. पाऊस पडून पाठ आखडली होती. दाताळं आणि पाटी घेतली ती नुसती हातात दिसायला.

पुढचं मला हॉलिसनेही सांगितलं आणि कोरीननेही. दोघांचं सांगणं जुळतं.

कोरीन आमच्या गल्लीतलीच. आता पस्तिशीची आहे, किनाऱ्यावर गस्त घालायची सरकारी नोकरी करते, हिरवा गणवेश, कमरेला पट्टा. आठ वर्षांची असताना तिला खणायला लिओनाने शिकवलं. हॉलिस दगडावर बसला होता तेव्हा ती झाडीतल्या पायवाटेने खाली आली. मागे गवताच्या कडेला लिंडक्विस्ट थांबला, हातात तोच घडी केलेला कागद.

"हॉलिस काका."

"ये गं. वरून आलीस?"

"वरून. मला वरून यायची मुभा आहे."

"हो. तुला आहे," हॉलिस म्हणाला.

"काका, बंद आहे आज. सोमवारपासून बंद आहे. फोन नाही का केलात?"

हॉलिसने पाण्याकडे पाहिलं. "फोन लिओना करायची," तो म्हणाला.

 कोरीनने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मागून लिंडक्विस्ट म्हणाला, "मीच फोन केला ऑफिसरना. पावसानंतरची शिंपली खाऊन कुणी आजारी पडायला नको, एवढाच हेतू होता."

"बरोबर केलंत," कोरीन मान न वळवता म्हणाली. मग तिने पाटीत पाहिलं. पाटी रिकामी. दाताळ्याच्या दातांना मागच्या आठवड्याचा चिखल सुकून पांढरा पडला होता. तिच्या जिवात जीव आल्यासारखं दिसलं.

"काका, तुम्ही खणलेलं नाही. पाटी कोरडी आहे. तुम्ही नुसते बसला होतात, हो ना? मग मला लिहायलाच काही नाही. चला, मी घरी सोडते."

"नुसते बसले होते?" लिंडक्विस्ट दोन पावलं पुढे आला. "माफ करा, पण मग तो माझा प्रश्न होतो. मे महिन्यात मी ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं. माझा वकील म्हणतो, एकदा डोळेझाक केली की हक्क जातो. मला लेखी मनाई द्यावी लागेल. मिस्टर डेनेट, मला आवडत नाही हे, पण द्यावी लागेल."

"लेखी मनाई म्हणजे काय गं?" हॉलिसने कोरीनला विचारलं.

"म्हणजे काका, परत इथं पाय ठेवलात तर मला तुम्हाला गाडीत घालून न्यावं लागेल. दाताळं हातात असलं तरी कोर्टात जाऊन सिद्ध करत बसायचं की खणायलाच आला होतात. आणि आज तर मीच लिहिणार की खणत नव्हते."

"म्हणजे कायमचं."

"तसंच धरा."

"आणि खणत होतो म्हटलं तर?"

"तर मनाई टिकणार नाही, पण दंड होईल आणि वर्षभर परवाना बंद. पण तुम्ही खणत नव्हतात ना! काका, माझ्याकडे बघा. नव्हतात."

हॉलिस उठला. उठायला वेळ लागला, कारण पाठ आखडलेली होती आणि दगड ओला होता. त्याने लिओनाचं दाताळं उचललं, पाटी उचलली, दोघांच्या मधून चिखलात उतरला. शिंपल्यांच्या श्वासाची छिद्रं बघितली. वाकला. एक ओढ, दोन, तीन. चौथ्या ओढीला तोंडातून आवाज निघाला, तो कोरीनला ऐकू गेला. त्याने चिखलात हात घातला आणि एक शिंपली काढून पाटीत टाकली. रिकाम्या पाटीत ती खडखडली.

"खणत होतो," तो म्हणाला. "लिही."

"काका, असं नका करू. मी काही पाहिलंच नाही समजा."

"पाहिलंस. तुझ्या डोळ्यांदेखत काढलीय. वर्षच ना? वर्षाने मी त्र्याहत्तरचा असेन. लिही, पोरी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं गावात नंतर सगळे म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं की तो कशाच्या बदल्यात काय देत होता.

कोरीनने पावतीपुस्तक काढलं. कागद दमट होता, पेन उठेना. तिने मांडीवर घासून घासून लिहिलं. मग सवयीने खिशातली मापाची दोन इंची कडी काढली आणि शिंपली तिच्यातून घालून बघितली. शिंपली आरपार पडली.

"लहान आहे," ती म्हणाली. "मापात पण नाही बसत."

"तेही लिही."

तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. ते तिने लिहिलं नाही. ती चिखलात उतरली, गणवेशाची विजार गुडघ्यापर्यंत भरली तरी उतरली, आणि ती शिंपली तोंड वर करून त्याच खड्ड्यात ठेवली, वरून चिखल लोटला. आडवी टाकली तर मरते. हेही तिला लिओनानेच शिकवलं होतं. लिंडक्विस्ट गवतावरून बघत होता. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं, पण हातातला कागद त्याने खिशात घातला.

धक्क्यापर्यंत तिने हॉलिसला गाडीने आणलं. साखळी आल्यापासून पहिल्यांदा तो पायवाटेने वर चढला. गाडीतून उतरताना ती म्हणाली, "काका, शिंपल्या बंद झाल्या तुमच्या. मासे नाही झाले."

"मी सलाईनवाला नाही," हॉलिस म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मग महिनाभर तो किनाऱ्याकडे गेला नाही. परवाना काढून घेतल्याचं पत्र आलं, ते त्याने टेबलावर ठेवलं. वाण्याच्या दुकानात पोरांना नवा विषय मिळाला. "साठ वर्षं खणतोय आणि पकडला गेला तो एका शिंपलीसाठी! एका! तीही पिल्लू!" हॉलिस पाव आणि दूध घेऊन रांगेत उभा असताना बोलले. त्याने पैसे दिले आणि बाहेर पडला. मी तिथंच होतो. मला बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, आणि ते मला अजून लागतं. सांगायचं काय? की म्हातारा दगडावर बसायला गेला होता? ते ऐकून तर ते आणखी हसले असते.

घेवड्याचं भांडं आता भरलेलं परत यायला लागलं. वरचा थर उकरलेला, बाकी तसंच. त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. रोज ओहोटीच्या वेळी तो ओसरीवर येऊन उभा राहायचा, किनाऱ्याकडे तोंड करून, हात खिशात घालून. पाणी परत फिरायची वेळ झाली की आत जायचा. घड्याळ बघावं लागत नव्हतं त्याला. माझी बायको म्हणाली, "हा हिवाळा काढत नाही हा." मी तिच्यावर खेकसलो, कारण मलाही तसंच वाटत होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी शेडमध्ये लाकडं रचत होतो. दार ढकलून हॉलिस आत आला. दाढी केलेली, बूट चढवलेले.

"तुझ्या जावयाची ती काठी आहे ना?" त्याने विचारलं.

मी हसलो नाही. हसलो असतो तर तो परत गेला असता. खिळ्याला टांगलेली गळाची काठी मी काढली, धूळ पुसली, दोरी मोकळी करून दाखवली. "हे असं दाबायचं, मग सोडायचं. आमिषाला काय देऊ? फ्रीजरमध्ये माकूळ असेल."

"गळ काढ," हॉलिस म्हणाला.

"गळ काढून मासा कसा लागेल?"

"लागला तर उठावं लागेल ना मला."

मी पक्कड घेतली आणि गळ कापून काढला. दोरीला शिशाचं वजन तेवढं राहिलं. तो काठी वरून खाली बघत होता, कुणाचं तरी पोर कडेवर घ्यायला दिल्यासारखा. त्याच्या शर्टाच्या खिशातून पाकीट डोकावत होतं. विजेच्या बिलाचं जुनं पाकीट, पाठीवर पेन्सिलीने वेडंवाकडं लिहिलेलं. मला वाचता आलं. वॉसची पुळण, खुली.

"फोन केलास?" मी म्हटलं. "परवाना नाही तुझ्याकडे. खुलं काय, बंद काय, तुला काय करायचंय?"

"पाच वाजता केला. फार भरभर बोलतो तो माणूस. तीनदा करावा लागला." तो काठी घेऊन दाराशी गेला. "हिला कसं एकदाच ऐकून लिहिता यायचं कोण जाणे. तेही एका कानाने."

"मी येऊ बरोबर? शेवाळ ओलं असेल."

"नको," तो म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "तू आलास की मी तुझ्याशीच बोलत बसेन."

मी खिडकीतून बघत राहिलो. खांद्यावर पाहुण्यांची काठी टाकून, दुकानावरून, पोरांच्या समोरून तो धक्क्याकडे गेला. मान खाली घातली नाही.

त्या दिवशी तिथं काय झालं ते मला हॉलिसने कधीच सांगितलं नाही. सांगितलं लिंडक्विस्टने. ऑक्टोबरात तो हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघाला होता, टपाल पुढे पाठवण्याची व्यवस्था करायला पोस्टात आला होता. मी तिकिटं घेत होतो. मी हॉलिसच्या समोर राहतो हे त्याला ठाऊक असावं. तो आपणहूनच बोलायला लागला.

"तुमचे मित्र येत असतात बरं का. काठी घेऊन."

"माहीत आहे. कायद्यात बसतं ना?"

"बसतं, बसतं." तो घाईने म्हणाला. "मी काही तक्रार करत नाहीये. पहिल्या दिवशी मी खाली गेलो होतो. बोलावं वाटलं. ऑगस्टात जे झालं ते मला बरं नव्हतं वाटलं. ते दगडावर बसले होते. मी विचारलं, 'लागतंय का काही?' ते म्हणाले, 'अजून नाही.'"

"मग?"

"मग लाट मागे गेली तेव्हा मला दोरीचं टोक दिसलं. गळच नव्हता. तुम्हाला ठाऊक होतं हे?"

मी तिकिटं मोजायला लागलो.

"मी काही बोललो नाही," लिंडक्विस्ट म्हणाला. "हवा छान होती. आमच्या घरातूनही मी एकटाच खाली येतो, बायकोला समुद्राचा वारा सोसत नाही. म्हटलं, जरा बसावं ह्यांच्याजवळ. शेजारी जागा होती, चांगली ऐसपैस. मी विचारलं, 'बसू का?' त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'तिथं नको. ती जागा धरलेली आहे.'"

 पोस्टातली बाई शिक्का मारायची थांबली होती.

"दगड माझा आहे," लिंडक्विस्ट म्हणाला. रागाने नाही, हिशोब न जुळल्यासारखा म्हणाला. "कागदात आहे तो."

"आहे की," मी म्हटलं. "मग काय केलंत?"

"उभा राहिलो. काय करणार? पाणी बुटांना लागेपर्यंत उभा राहिलो. मग ते उठले, दोरी गुंडाळली आणि म्हणाले, 'उद्या ओहोटी पन्नास मिनिटं उशिरा आहे.'"

"तुम्हाला म्हणाला?"

लिंडक्विस्टने टोपी हातात फिरवली. "मला वाटलं, मला. मी 'बरं' पण म्हणालो," तो म्हणाला. "पण ते माझ्याकडे बघत नव्हते."